बुध, चंद्र आणि क्ष-किरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रहांवर बोलून झालं की खरे प्रश्न चहाच्या वेळी येतात, आणि मग महिनाभर फोनवर येत राहतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. उदाहरणं मुख्यतः बुधाची आणि चंद्राची आहेत, कारण मातीतून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून तिथली मूलद्रव्यं ओळखायचं हे तंत्र तिथेच खऱ्या अर्थाने चालतं. मंगळावर का चालत नाही, ते प्रश्न ५ मध्ये आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे पुढे येतील.

१. यान ग्रहावर क्ष-किरण सोडतं आणि ग्रहाचा एक्स-रे काढतं, असंच ना?

नाही. हा समज दवाखान्यातून आलेला आहे. तिथे एका बाजूला किरणांची नळी असते, दुसऱ्या बाजूला फिल्म आणि मध्ये आपला मोडका हात. आरपार गेलेल्या किरणांनी पाडलेली ती सावली असते. ग्रहातून आरपार काहीच जात नाही. शिवाय इथे क्ष-किरण सोडणारा सूर्य असतो. त्याच्या बाहेरच्या, दहा लाख अंशांहून तप्त अशा किरीटातून ते सतत निघतात आणि ग्रहाच्या मातीवर आदळतात. त्यामुळे माती स्वतःचे क्ष-किरण सोडते आणि वरून जाणारं यान ते मोजतं. यानाचं काम फक्त कान देऊन ऐकण्याचं.

२. माती "स्वतःचे" क्ष-किरण सोडते म्हणजे नेमकं काय होतं?

अणूच्या केंद्राभोवती इलेक्ट्रॉन थराथराने असतात. बाहेरून आलेल्या क्ष-किरणाने सर्वात आतल्या थरातला एक इलेक्ट्रॉन उडवला की तिथे जागा रिकामी होते. वरच्या थरातला इलेक्ट्रॉन लगेच खाली उतरून ती भरतो आणि उतरताना जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपात टाकून देतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. दोन थरांमधला ऊर्जेचा फरक प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा आणि ठरलेला असतो. त्यामुळे बाहेर पडलेल्या किरणाची ऊर्जा मोजली की तो कुणाचा, ते कळतं.

१९१३ मध्ये हेन्री मोझ्ली या तरुण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने यातला नियम शोधला. कागदावर करून बघण्याइतका तो सोपा आहे. अणुक्रमांकातून १ वजा करा, वर्ग करा, १०.२ ने गुणा. उत्तर म्हणजे किरणाची ऊर्जा, इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात. लोहाचा अणुक्रमांक २६. पंचविसाचा वर्ग ६२५, गुणिले १०.२, म्हणजे ६३७५. प्रत्यक्ष मोजलेला आकडा सुमारे ६४०० आहे. सिलिकॉन (१४) आणि गंधक (१६) तुम्हीच करून पाहा. १७४० आणि २३१० च्या अगदी जवळ पोहोचाल. मोझ्ली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

३. सराफाच्या दुकानात सोन्याचा कस बघायचं मशिन असतं. त्याचं आणि याचं तत्त्व एकच का?

एकच. मोडीचा दागिना सराफ त्या पेटीत ठेवतो आणि अर्ध्या मिनिटात सोनं किती, तांबं किती, चांदी किती हे पडद्यावर येतं. तीही क्ष-किरण प्रतिदीप्तीच. फरक इतकाच की पेटीत किरणांची नळी आतच बसवलेली असते आणि दागिना बोटभर अंतरावर असतो.

आणखी एक साम्य आहे, ते जास्त महत्त्वाचं. मुरलेला सराफ त्या मशिनवर पूर्ण विसंबत नाही. किरण पृष्ठभागापलीकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे सोन्याचा जाड मुलामा दिलेला दागिना मशिनला फसवू शकतो. शंका आली की तो दागिना कापतो किंवा वितळवून बघतो. ग्रहाच्या बाबतीत ती सोय नाही. मुलाम्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये तो परत येणार आहे.

४. मग यानानेच क्ष-किरणांची नळी सोबत का नेऊ नये? सूर्यावर कशाला अवलंबून राहायचं?

अंतरामुळे. समजा नळी मातीपासून ५ सेंटिमीटरवर आहे आणि यान १०० किलोमीटरवर. अंतर वीस लाख पट वाढलं. किरण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतात, आणि ते फक्त जाताना. परत येताना पुन्हा तोच हिशोब. एवढी ताकदीची नळी चालवायला लागणारी वीज यानावर कुठून आणणार? सूर्य हे काम फुकटात करतो आणि बुधाजवळ तर उदार हाताने करतो. बुध सूर्याच्या सर्वात जवळ असतो तेव्हा तिथलं ऊन पृथ्वीवरच्या दसपटीहून जास्त असतं, सर्वात दूर असतानाही साडेचार पट.

जमिनीवर उतरलेल्या गाडीला मात्र स्वतःचा स्रोत परवडतो. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीवर किरणोत्सारी क्युरिअमचा असा छोटा स्रोत होता (प्रश्न १६).

५. मंगळाभोवती इतकी यानं फिरतात. त्यांच्यावर हे यंत्र का नाही?

मंगळाला हवा आहे म्हणून. आपल्या मानाने ती अगदीच विरळ, पण मंगळाच्या दर चौरस सेंटिमीटर जमिनीवर कार्बन डायऑक्साइडचा सुमारे १६ ग्रॅम वजनाचा स्तंभ उभा असतो. ज्या क्ष-किरणांशी आपला संबंध आहे त्यांच्या दृष्टीने ही भिंतच. लोहाचे त्यातल्या त्यात दणकट किरणही तिच्यातून वर येत नाहीत. म्हणून मंगळावर हे काम जमिनीवरूनच होतं. १९९७ च्या सोजर्नर गाडीपासून क्युरिऑसिटी, पर्सिव्हिअरन्सपर्यंत नासाच्या सगळ्या गाड्यांनी खडकाशी नाक लावूनच क्ष-किरण मोजले आहेत.

शुक्राचं तर विचारूच नका. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने २००१ मध्ये शुक्र आणि मंगळ दोन्ही टिपले, हे खरं. पण जे दिसलं ते जमिनीचं नव्हतं, उंचावरच्या हवेचं होतं.

म्हणजे हे तंत्र वातावरण नसलेल्या खडकाळ गोळ्यांसाठी आहे : बुध, चंद्र, लघुग्रह.

६. पृथ्वीभोवतीच्या दुर्बिणींनी बुध बघता येत नाही का? आपला ॲस्ट्रोसॅट आहे ना?

चंद्र बघता येतो. जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाने १९९० मध्ये क्ष-किरणांतलं चंद्राचं चित्र घेतलं, त्यात उजळलेली बाजू स्वच्छ दिसते. बुध मात्र नाही. तो आकाशात सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही, आणि या दुर्बिणींना सूर्याच्या जवळपास डोळा वळवायला मनाई असते. ॲस्ट्रोसॅट आणि चंद्रा दोघांनाही साधारण ४५ अंशांचं पथ्य आहे. शुक्र जेमतेम ४७ अंशांपर्यंत जातो म्हणून चंद्रा दुर्बिणीला तो कसाबसा साधला.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. जून १९६२ मध्ये अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स तळावरून रिकार्डो जाकोनी यांच्या गटाने एक अग्निबाण सोडला. उद्देश हाच होता : चंद्राच्या मातीतून सूर्यामुळे निघणारे क्ष-किरण सापडतात का ते बघायचं. चंद्राचे किरण काही मिळाले नाहीत. पण वृश्चिक राशीच्या दिशेने एक प्रखर स्रोत दिसला. सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत तो हाच. क्ष-किरण खगोलशास्त्राचा जन्म चंद्राची माती शोधताना झाला, आणि त्याबद्दल २००२ मध्ये जाकोनींना नोबेल मिळालं. मातीचा प्रश्न मागे राहिला तो अपोलो १५ आणि १६ पर्यंत. १९७१ आणि १९७२ मध्ये दोघे अंतराळवीर खाली चालत असताना वर घिरट्या घालणाऱ्या यानातल्या यंत्राने डोंगराळ भागात ॲल्युमिनियम जास्त आणि काळ्या मैदानांत कमी असल्याचं दाखवलं.

७. यातून कोणकोणती मूलद्रव्यं कळतात? पाणी सापडेल का?

मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन ही तीन जवळजवळ नेहमी. सूर्य साथ देत असेल तर गंधक, कॅल्शियम, टायटॅनियम, लोह. फारच साथ दिली तर क्रोमियम आणि मँगनीज. चांगल्या यंत्राला सोडियमही.

पाणी नाही. हायड्रोजनला एकच इलेक्ट्रॉन. आतला थर रिकामा झाला तर वरून उतरणार कोण? बुधाच्या ध्रुवांवरच्या कायम सावलीतल्या बर्फाचा पुरावा रडार आणि न्यूट्रॉन मोजणीतून मिळाला आहे. कार्बनचे किरण असतात, पण इतके दुबळे की यंत्राच्या खिडकीतच मरतात.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. हे यंत्र मूलद्रव्य सांगतं, खनिज सांगत नाही. "कणीक, गूळ, तूप आहे" एवढं कळलं. शिरा आहे की लाडू, हे अनुमानाने ठरवायचं.

८. सौरज्वाला आली की ही मंडळी खूश होतात असं ऐकलं. उपग्रहांना तर त्याचा त्रास होतो ना?

होतो, आणि तरी खूश होतात. सौरज्वाला म्हणजे सूर्यावर अचानक होणारा ऊर्जेचा उद्रेक. अणूचा आतला इलेक्ट्रॉन उडवायला येणाऱ्या किरणात तेवढी ताकद हवी. लोहासाठी ७१०० इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त लागते. शांत सूर्याच्या क्ष-किरणांत इतके जोरकस किरण नसल्यातच जमा असतात. त्यामुळे शांत दिवशी हलकी मूलद्रव्यं दिसतात आणि लोह, टायटॅनियम गप्प बसतात. ज्वाला उसळली की काही मिनिटं चित्र पालटतं.

ज्वालांची प्रतवारी ए, बी, सी, एम, एक्स अशी आहे आणि प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. वर्षानुवर्षं फिरलेल्या यानाच्या हाती लोहाची कामाची मोजणी फक्त अशा मोजक्या तासांतून येते. पावसावरच्या शेतीसारखं आहे. यंत्र तयार, शेत नांगरलेलं, आणि डोळे आभाळाकडे. याची सगळ्यात मोठी झळ चंद्रयान-१ ला बसली (प्रश्न १५).

९. यंत्र दिसतं कसं? कॅमेऱ्यासारखं?

अजिबात नाही. बुधाभोवती २०११ ते २०१५ फिरलेल्या मेसेंजर यानाचं यंत्र घ्या. वायू भरलेल्या तीन पेट्या, प्रत्येकीला बेरिलियमच्या अतिपातळ पत्र्याची खिडकी. किरण आत शिरला की वायूत विद्युतभार सुटतो. जितकी किरणाची ऊर्जा, तितका मोठा ठोका. समोर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, म्हणजे आजूबाजूचे किरण अडतात आणि फक्त १२ अंशांच्या खिडकीतले आत येतात.

वायूच्या पेट्यांचा एक दोष असा की मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन हे तिघे त्यांना एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यावरची युक्ती मला फार आवडते, अपोलोच्या काळापासूनची आहे. एका पेटीवर मॅग्नेशियमचा पत्रा लावायचा, दुसरीवर ॲल्युमिनियमचा, तिसरी उघडी ठेवायची. मॅग्नेशियमचा पत्रा मॅग्नेशियमचे किरण बऱ्यापैकी जाऊ देतो पण ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे अडवतो. ॲल्युमिनियमचा पत्रा सिलिकॉनला अडवतो. मग तिन्ही पेट्यांची वजाबाकी. जुन्या काळच्या वाण्याने तीन वजनांत सगळं तोलावं तशी. या पेट्यांना थंड ठेवावं लागत नाही, ही बुधासारख्या भट्टीजवळ मोठी सोय.

एक चौथा डोळा मात्र उन्हाच्या ढालीतून थेट सूर्याकडे लावलेला होता. तो कशाला, ते पुढच्या उत्तरात येतं.

१०. "लोह दोन टक्के" असं सरळ सांगायचं सोडून शोधनिबंधांत "सिलिकॉनशी गुणोत्तर" का देतात?

कारण नुसत्या मोजणीला अर्थ नसतो. लोहाचे ठोके वाढले म्हणजे लोह जास्त, की सूर्य तापला, की ऊन सरळ पडलं, की यान जवळ आलं? सूर्यावर लावलेला डोळा येणाऱ्या किरणांचा हिशोब ठेवतो. त्याच्याशिवाय बाकी सगळं यंत्र निरुपयोगी आहे, हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण बातम्यांत त्याचा उल्लेखही नसतो.

तरीही काही चुका उरतात. मातीचे कण जाड की बारीक, सूर्य-जमीन-यान हा कोन किती, सावल्या किती पडल्या, यांवरही तीव्रता बदलते. हे परिणाम सगळ्या मूलद्रव्यांवर थोडेफार सारखेच होतात. म्हणून सगळ्यांना सिलिकॉनने भागलं की बराचसा दोष कटतो. सिलिकॉनच का? खडकाळ ग्रहाच्या कवचात तो भरपूर असतो आणि जागोजागी फारसा बदलत नाही. हिशोबाला स्थिर माणूस हवा, तो हा.

११. हे किरण किती खोलवरचं सांगतात?

केसाच्या जाडीइतकं. बहुतेक मूलद्रव्यांसाठी काही दशक मायक्रोमीटर, शंभराच्या आतच. त्याखालचे किरण बाहेर येईपर्यंत मातीतच शोषले जातात.

मग ग्रहाबद्दल विधान कसं करायचं? हवा नसलेल्या गोळ्यावर उल्कांचा मारा कोट्यवधी वर्षं चालू असतो. माती खालीवर होत राहते, त्यामुळे वरचा थर सहसा खालच्या कित्येक मीटरचं प्रतिनिधित्व करतो. "सहसा" हा शब्द महत्त्वाचा. नीअर यानाने २००० मध्ये इरॉस लघुग्रहाची क्ष-किरण मोजणी केली. बाकी मूलद्रव्यं साध्या दगडी उल्कांशी जुळली, गंधक मात्र फार कमी भरलं. गंधक लवकर उडून जातं. सौरवारा (सूर्याकडून वाहत येणारे भारित कण) आणि सूक्ष्म उल्कांनी वरच्या पापुद्र्यातलं गंधक घालवलं, असा अर्थ लावतात. म्हणजे सराफाच्या मशिनची गोष्ट उलटी झाली. मुलामा उडालेला दागिना समोर आला.

म्हणून शहाणी मोहीम गॅमा किरणांचं यंत्रही सोबत नेते. ते काही दशक सेंटिमीटर खोलवरचं सांगतं. दोघांचं जुळलं तर विश्वास ठेवायचा. बुधावरच्या गंधकाचं दोघांचंही जुळलं.

१२. एवढा खटाटोप करून बुधाबद्दल नवीन काय कळलं?

जुन्या पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण रद्द करावं लागलं, इतकं.

बुध हा विचित्र ग्रह आहे. त्रिज्या २४४० किलोमीटर, आणि त्यातले सुमारे २००० किलोमीटर लोहाचा गाभा. आंब्यात कोय मोठी असते हे मान्य, पण इथे कोयीवर नुसती साल आहे. असं का झालं, याच्या गोष्टी बऱ्याच होत्या. एका गोष्टीनुसार तरुण सूर्याच्या धगीने बुधाचा वरचा खडक चक्क वाफ होऊन उडून गेला. दुसरीत प्रचंड टक्कर होऊन साल निघून गेली. दोन्हींत ग्रह भयंकर तापतो, म्हणजे सहज उडून जाणारी द्रव्यं शिल्लक राहायला नकोत.

मेसेंजर १८ मार्च २०११ ला कक्षेत बसलं आणि त्याच वर्षी क्ष-किरणांचे पहिले निकाल आले. गंधक काही ठिकाणी ४ टक्क्यांपर्यंत! पृथ्वीच्या किंवा चंद्राच्या खडकांच्या दसपटीहून जास्त. गॅमा किरणांनी पोटॅशियमही बक्कळ दाखवलं, आणि तेही उडून जाणारंच. वाफेची गोष्ट तिथेच संपली. टक्करीची गोष्ट अजून जिवंत आहे, पण तिला बरेच नवीन खुलासे द्यावे लागत आहेत.

दुसरं आश्चर्य लोहाचं. ज्या ग्रहाच्या पोटात एवढं लोह, त्याच्या कातडीवर जेमतेम दीड-दोन टक्के. तुलना करायची तर आपला सह्याद्री घ्या. दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहाची ऑक्साइडंच दहा टक्क्यांच्या वर असतात. घाटातला दगड गंजून तांबूस होतो तो त्यामुळेच. बुधावरही लाव्हाची विस्तीर्ण मैदानं आहेत, पण तो लाव्हा वेगळ्या घरचा : मॅग्नेशियम जास्त, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम कमी, लोह नावापुरतं.

गंधक जास्त आणि लोह कमी, या दोन्हींचं मूळ एकच असावं. बुध घडला तो माल प्राणवायूच्या बाबतीत फार दरिद्री होता. प्राणवायू पुरेसा असता तर लोह त्याच्याशी जोडी जमवून खडकात राहिलं असतं. तो नव्हता, म्हणून लोह धातू होऊन पोटात बुडालं. अशा परिस्थितीत गंधक उलट खडकाच्या रसात विरघळून राहतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी जोडी जमवून. नकाशात गंधक आणि कॅल्शियम बरोबरीने वाढतात-घटतात, ते याच्याशी सुसंगत आहे.

चार वर्षांत नकाशेही तयार झाले. उत्तर गोलार्धात भारताहून मोठा एक पट्टा असा निघाला की जिथे मॅग्नेशियम आजूबाजूपेक्षा स्पष्टच जास्त आहे. तिथे फार पूर्वी प्रचंड आघात होऊन खोलवरचा माल वर आला, अशी एक सूचना आहे, पण आघाताच्या ठोस खुणा दिसत नाहीत. या पट्ट्याचा उलगडा झालेला नाही, आणि मला तरी बुधावरचा सर्वात रंजक प्रश्न तोच वाटतो.

(गंधक आहे म्हणजे कुजक्या अंड्यांचा वास येईल का, हा प्रश्न शाळेत हमखास येतो. वास नाकापर्यंत पोहोचवायला हवा लागते, ती बुधावर नाही.)

१३. नकाशांत उत्तरेकडचा भाग रेखीव आणि दक्षिणेकडचा धूसर का?

मेसेंजरची कक्षा लांबुळकी होती. उत्तरेवरून जाताना यान सुरुवातीला सुमारे २०० किलोमीटरवर यायचं आणि दक्षिणेकडे १५,००० किलोमीटर दूर जायचं. १२ अंशांच्या खिडकीतून जवळून ४२ किलोमीटरचा ठिपका दिसतो, दुरून ३००० किलोमीटरचा. म्हणजे उत्तरेला एक जिल्हा, दक्षिणेला अर्धं खंड. त्यात चांगल्या ज्वाला नेमक्या केव्हा येतील ते आपल्या हातात नाही. म्हणून लोहाच्या नकाशात भोकं राहिली आणि मॅग्नेशियमचा नकाशा भरला.

१४. ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला यंत्र बंदच ठेवतात का?

तर्काने तसंच वाटतं : सूर्य नाही, तर किरण नाहीत. पण मेसेंजरला बुधाच्या अंधाऱ्या बाजूकडूनही सिलिकॉन, कॅल्शियमच्या ओळखीचे क्ष-किरण वारंवार मिळाले. बुधाला चुंबकक्षेत्र आहे, पृथ्वीच्या साधारण एक टक्का. सौरवाऱ्याच्या माऱ्याने ते रात्रीच्या बाजूला शेपटीसारखं ताणलं जातं; त्या शेपटीतले इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि रात्रीच्या जमिनीवर आपटतात. पृथ्वीवर असे इलेक्ट्रॉन हवेत अडतात आणि ध्रुवीय प्रकाश दिसतो. बुधाला हवा नाही, त्यामुळे दगडच क्ष-किरणांत उजळतो. आतला इलेक्ट्रॉन कुणी उडवला, सूर्यकिरणाने की दुसऱ्या इलेक्ट्रॉनने, याची अणूला पर्वा नसते.

चंद्राच्या बाबतीत दर २९ दिवसांनी सुमारे सहा दिवस तो पृथ्वीच्या चुंबकीय शेपटीतून जातो. तिथले भारित कण चंद्रयान-२ च्या यंत्राने टिपले. मातीची मोजणी करणाऱ्यांना ही कटकट, पण शेपटीचा अभ्यास करणाऱ्यांना आयती माहिती.

१५. चंद्रयान-१ आणि चंद्रयान-२ वर असं यंत्र होतं का? काय मिळालं?

दोन्हींवर. चंद्रयान-१ चं यंत्र ब्रिटनच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेने इस्रोच्या साथीने बनवलं होतं. यान २२ ऑक्टोबर २००८ ला निघालं आणि सूर्य नेमका गाढ झोपेत होता. अनेक दशकांतली सर्वात शांत सौरअवस्था. जेमतेम काही दुबळ्या ज्वाला पदरात पडल्या, आणि ऑगस्ट २००९ मध्ये, ३१२ दिवसांनंतर, यानाशी संपर्कच तुटला. यंत्र चांगलं होतं, मुहूर्त चुकला.

चंद्रयान-२ (२२ जुलै २०१९) वरचं क्लास हे यंत्र बंगळुरूच्या इस्रो केंद्रात बनलं आणि सूर्यावर नजर ठेवणारं जोडयंत्र अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत. चंद्रावर उतरणारं विक्रम कोसळलं म्हणून लोक ही मोहीम फसली म्हणतात. वर फिरणाऱ्या यानाने मात्र काम चालू ठेवलं. सुरुवातीला याही वेळी सूर्य झोपलेलाच होता. पण सूर्यमापकाने त्या शांततेचं सोनं केलं : ए वर्गाहूनही कितीतरी लहान ज्वाला टिपल्या. पुढे सूर्य जागा झाला आणि क्लासला सुगी आली. १०० किलोमीटर उंचीवरून साडेबारा किलोमीटरचा ठिपका, वायूच्या पेट्यांऐवजी सिलिकॉनचे १६ संवेदक. २०२२ मध्ये चंद्रावरच्या सोडियमचा पहिला व्यापक नकाशा याच यंत्रातून आला, आणि त्यातलं काही सोडियम कणांच्या पृष्ठावर सैल चिकटलेलं असावं असं दिसतं.

१६. प्रज्ञानने जमिनीवरच मोजलं. मग वरून मोजायची गरज काय?

प्रज्ञानने २०२३ मध्ये दक्षिणेच्या अक्षांश ६९ जवळ २३ ठिकाणी मोजणी केली, अंतर चाललं शंभर मीटरच्या आसपास. गोळ्याचा घेर आहे जवळपास ११,००० किलोमीटर. पण त्या २३ मोजण्यांनी वरच्या यंत्रांना एक खात्रीचं माप दिलं. दुकानातला तराजू प्रमाणित वजनाने तपासतात तसं.

१७. बेपीकोलंबो यानाकडून नवीन काय मिळणार?

युरोप आणि जपानचं हे यान २० ऑक्टोबर २०१८ ला निघालं. इंजिनांना पुरेशी वीज मिळेना म्हणून पोहोचायचा दिवस डिसेंबर २०२५ वरून नोव्हेंबर २०२६ वर गेला. त्यावर इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाने घडवलेली क्ष-किरणांची खरी दुर्बीण आहे. क्ष-किरण साध्या आरशात शिरून जातात. अगदी तिरपे पडले तरच परावर्तित होतात. म्हणून काचेच्या पातळ चकतीत २० मायक्रोमीटरच्या लाखो चौकोनी नळ्या, आणि त्यांच्या भिंती हेच आरसे. झिंग्याच्या जातीतल्या लॉब्स्टरचा डोळा असाच असतो.

यानाचा ही दुर्बीण असलेला भाग बुधापासून ४८० ते १५०० किलोमीटरमध्येच राहणार आहे, त्यामुळे दक्षिण गोलार्धाचा बॅकलॉग भरून निघेल. चांगली ज्वाला आली तर काही किलोमीटरचे बारकावे दिसतील. म्हणजे एखाद्या विवराच्या तळाचं आणि मध्यावरच्या शिखराचं लोह वेगवेगळं मोजता येईल, आणि शिखर खालून वर आलेलं असतं.

१८. ही माहिती आम्हाला घरी बघायला मिळेल का?

मिळते, आणि फुकट. चंद्रयान-२ ची मोजणी इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नाव नोंदवून उतरवून घेता येते. क्लासचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले, याची नोंद) दर ८ सेकंदांना एक असा साठवलेला आहे. पायथन ही संगणकाची भाषा थोडी येत असेल तर एक रविवार पुरतो.

कृती सांगतो. आधी अमेरिकेच्या गोज उपग्रहांच्या नोंदीतून एखादी एम वर्गाची ज्वाला निवडा. चंद्र पृथ्वीच्या शेजारीच असल्यामुळे ती दोघांना एकाच वेळी दिसलेली असते. त्या वेळी यान चंद्राच्या उजेडातल्या बाजूवर होतं ना, हे फाइलमधल्या नोंदीवरून तपासा; नवशिक्यांची निम्मी चूक इथेच होते. मग त्या मिनिटांतले वर्णपट एकत्र बेरीज करून आलेख काढा. डावीकडे १.२५, १.४९ आणि १.७४ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टला तीन उंचवटे शेजारी शेजारी दिसतील : मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन. ३.६९ ला कॅल्शियम. उजवीकडे ६.४ वर छोटासा उंचवटा दिसला, तर ते लोह. ज्वालेच्या तासभर आधीचा आलेख शेजारी ठेवा. तिथे तो नसेल.